गोमुखातली वायर

शारजा, शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९९९

सुदेश,

एक वल्हं. उंडीच्या लाकडाचं, साडेसात फूट. तेव्हा माझं वय तेरा. ते दुसऱ्याच्या होडीसाठी केलं, कारण आपली होडी तुझे आजोबा जत्रेतल्या पटावर हरले होते. पट म्हणजे चित्रांचं कापड. चित्रावर पैसे लावायचे, आणि उठताना घरी काय सांगायचं ते ठरवायचं.

वाडीतल्या शाळेचे नऊ बाक. त्यांतले सात अजून मुलांच्या खाली आहेत.

तुझा पाळणा, शिसवी, चार महिन्यांचं काम. तू त्यात एक दिवसही झोपला नाहीस, ते वेगळं.

इथे अल मजाजला, खाडीसमोरच्या एकोणीस मजली बिल्डिंगचे तीनशे चार दरवाजे. एकही घासत नाही. कुणालाही पाठवून बघ.

उम्म अल कुवैनच्या एका म्हाताऱ्या अरबाच्या लाकडी बोटीचं सुकाणू. पैसे घेतले नाहीत. तो अजून दर ईदला खजूर पाठवतो.

आपल्या खोलीतलं, भिंतीत मिटणारं टेबल. त्यावर तू दहावी केलीस, बारावी केलीस आणि अमेरिकेच्या कॉलेजचे फॉर्म भरलेस.

आणि अकरा फूट चार इंचांचा एक देव्हारा.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुम्ही स्वतःचं असं काय बनवलंत? लाइफभर दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज." मी फोन ठेवला, कारण अशी यादी फोनवर सांगता येत नाही. आता लिहून दिली आहे. आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी रंधा धरलेला नाही. मला कुणी शिकवलं नाही. ड्रॉइंग वाचायला मी शिकलो ते लोकांनी कचऱ्यात टाकलेल्या ड्रॉइंगांवरून. तरी इंडस्ट्रियल एरियात "मेस्त्री" म्हटलं की लोक मलाच समजतात. हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू हे काम माझ्याकडे पाठवलंस.

आता देव्हाऱ्याबद्दल. सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर "तसं नव्हतं बाबा" म्हणायला जागा नको.

९७ च्या डिसेंबरात रफिकभाईंनी मला वर्कशॉपच्या ऑफिसात बोलावलं. "मेस्त्री, अमरीका से ऑर्डर है. आपके बेटे ने दिलवाया. मंदिर का काम है." मी विचारलं, "कौन से भगवान का?" ते फॅक्स उलटसुलट करून म्हणाले, "वो इस में नहीं लिखा. भगवान वो लोग वहाँ बिठाएँगे." त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालास, "हो बाबा, इथल्या इंडियन कम्युनिटीचं टेंपल आहे." हे तुझे शब्द. मी एकही बदललेला नाही.

ड्रॉइंगमध्ये एमडीएफ लिहिलं होतं. भुशाच्या फळ्यांत देव बसवत नाहीत. रफिकभाईंशी चार दिवस भांडून मी बर्मा सागवान घेतला. एकही लोखंडी खिळा नाही. सगळे सांधे एकमेकांत बसवलेले, लाकडाच्याच खुंट्यांनी आवळलेले. कामाच्या जागी मी चपला घातल्या नाहीत. मासे सोडले. आमचा पॉलिशवाला जमाल म्हणायचा, "मेस्त्री, कोंकणी आदमी मच्छी छोडेगा तो मर जाएगा. फिर भगवान किस के घर में बैठेगा?" तरी त्यानेही चपला बाहेर काढल्या. आठ महिने, सुदेश. मासळी बाजार खोलीपासून दहा मिनिटांवर असताना.

एक चूक मात्र मी ड्रॉइंगमध्ये सुधारली. देवाच्या बैठकीला मागच्या फळीत अडीच इंचांचं भोक दाखवलं होतं. अभिषेकाचं पाणी मागून काढत नाहीत. देव पूर्वेला तोंड करून बसला, तर पाणी त्याच्या डाव्या हाताला, उत्तरेला जातं. मी भोक डावीकडे घेतलं, आतून पितळेची नळी बसवली आणि बाहेर गोमुख कोरलं. फक्त त्या गायीच्या तोंडाला सतरा दिवस लागले.

गेल्या आठवड्यात तुमच्या लोकांचं रंगीत ब्रोशर आलं. रफिकभाईंनी कौतुकाने भिंतीवर चिकटवलं आणि सगळ्यांना बोलावलं. नदीकाठचं कॅसिनो रिसॉर्ट. "महाराजा हॉल." मधोमध माझा देव्हारा. आत देवाच्या जागी लाल-पिवळ्या दिव्यांचं मशीन, त्यावर तीन सत्ते. शेजारी टिकली लावलेली एक गोरी मुलगी. आणि गायीच्या तोंडातून निघालेली काळी वायर.

मग जमाल हळूच म्हणाला, "ये कौन सा भगवान है, मेस्त्री?" तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

तू कसल्यातरी मशीनांचा टेक्निशियन आहेस हे मला माहीत होतं. तू म्हणाला होतास, कॉम्प्युटरचं काम. म्हटलं, असेल. पण परवा तू उलट मलाच विचारलंस, "खरं सांगितलं असतं, तर वुड यू हॅव मेड इट?" नाही. नसतं केलं. त्यावर तू म्हणालास, "मग अकरा माणसं घरी गेली असती. रफिकअंकल शॉप बंद करत होते. तुमच्यासाठी केलं बाबा."

माझ्यासाठी माझ्याशी खोटं बोलायला मी तुला सांगितलं नव्हतं. आणि वायर काढायला तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही? निदान तेवढं तरी सोडायचं होतं.

यापुढे फोन करू नकोस. पत्रं आईच्या नावे पाठव.

रामेश्वर मेस्त्री


शारजा, शुक्रवार, २६ मे २०००

सुदेश,

हे पत्र तुझ्या आईच्या सांगण्यावरून लिहितो आहे. ती बरी आहे. गुडघे दुखतात, तरी संध्याकाळी खाडीवर फेरी मारते, एक पूर्ण. परवा पाय सुजले होते. मी म्हटलं, चालून सुजले असतील.

तुझी पत्रं मिळतात. कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येतात, त्यामुळे मीच घरी आणतो आणि न फोडता तिच्या हातात देतो. "घे, तुझ्या मुलाचं." ती मोठ्याने वाचायला लागली की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. "झिलाचा पत्र आसा, ऐकलास तर कान झडाचे नाय," असं ती म्हणते. हे तुला कळवायला तिने सांगितलेलं नाही. मीच लिहितो आहे.

शेजारच्या अनुपमाताईंच्या घरून ती तुझ्याशी फोनवर बोलते, तेही मला माहीत आहे. माहीत नाही असं मी दाखवतो. तूही तसंच दाखव.

वर्कशॉपमध्ये सध्या शाळांचं काम आहे. बाक. जिथून सुरुवात केली तिथेच आलो.

तुझ्या आईने गेल्या महिन्यात रोल्याच्या बाजारातून चाकांची निळी सुटकेस आणली. गावी जायला अजून वर्ष आहे, आणि आपल्याकडे तीन बॅगा आहेत. विचारलं तर म्हणते, "सवाय गावली." स्वस्त म्हणून माणूस काहीही घेतं. चाकं प्लास्टिकची आहेत, टिकणार नाहीत.

तुमच्या लोकांचा एक फॅक्स एप्रिलमध्ये रफिकभाईंकडे आला होता. मी उत्तर पाठवलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तुझे कागद रिन्यू व्हायचे आहेत, आणि तोवर देश सोडलास तर परत आत घेणार नाहीत, असं ती सांगते. तेव्हा उगाच येण्याचा विचार करू नकोस. तब्येत सांभाळ.

बाबा


शारजा, शुक्रवार, १६ नोव्हेंबर २००१

चि. सुदेश यास आशीर्वाद.

कळवण्यास दुःख होतं की तुझी आई सौ. नर्मदा मंगळवार, दिनांक ९ ऑक्टोबर रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शारजाच्या इस्पितळात गेली. किडनीचं होतं. फार दिवस आजारी नव्हती. गोव्याच्या विमानाने गावी नेलं. तेरावं रीतीप्रमाणे झालं. तुझ्या वतीने मीच सगळं केलं.

तुला फोन लावण्याचा प्रयत्न केला होता. लाइन मिळाली नाही. त्या दिवसांत अमेरिकेच्या लाइनी कशा होत्या ते तुला माहीतच आहे.

विमानासाठीची पेटी विमान कंपनीने दिली. मला करू दिली नाही. तिचे कोपरे गुण्यात, काटकोनात नव्हते.

बाबा


शारजा, शुक्रवार, २९ मार्च २००२

चि. सुदेश,

तुझा फोन आल्याला तीन महिने झाले. तू एवढंच म्हणालास, "नाइन्टीन डेज, बाबा. शी वॉज देअर नाइन्टीन डेज." आणि ठेवलास. अनुपमाताईंनी तुला सांगितलं असणार. मी त्यांना दोष देत नाही.

इस्पितळात एकोणीस दिवस, बरोबर आहे.

लाइन मिळाली नाही, असं मी लिहिलं होतं. लाइन होती. दुसऱ्याच दिवशी मी इस्पितळासमोरच्या बकाल्याच्या दुकानातून पन्नास दिरहमचं फोनकार्ड घेतलं. म्हणजे साडेसहाशे रुपये. त्याचा नंबर नाण्याने खरवडलासुद्धा. मग बूथमध्ये उभा राहिलो, आणि तू फोन उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला ठरवता येईना. अडीच वर्षांनी कुठून सुरू करायचं? डॉक्टर म्हणत होते, नुसतं ऑब्झर्वेशन आहे. म्हटलं, घरी आणू, मग तीच करील फोन.

रोज सकाळी ती विचारायची, "झिलाक कळवलास?" मी म्हणायचो, "आज करतंय." अठराव्या दिवशी तिने विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. मी उशी नीट केली.

कार्ड अजून माझ्याकडे आहे. पन्नासच्या पन्नास दिरहम त्यात आहेत. मुदत संपली.

तू उत्तर पाठव असं म्हणत नाही. खोटं लिहिलं होतं, ते दुरुस्त करायचं होतं.

बाबा


शारजा, शुक्रवार, ११ जुलै २००३

चि. सुदेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्कशॉप खलास झालं. रफिकभाईंनी मशीनं विकली, शेवटच्या दिवशी सगळ्यांना बिर्याणी घातली आणि मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "मेस्त्री, रंधा ले जाओ, घर में टाँग देना." मी म्हटलं, रंधा टांगायचा नसतो, धार उतरते. माझा व्हिसा ३१ तारखेला कॅन्सल होईल. त्यानंतर गावचा पत्ता.

सोळा महिने तुझं काही आलं नाही. हे पत्र तू फोडशील की नाही, मला सांगता येत नाही. मी तुझी पत्रं अडीच वर्षं फोडली नव्हती, तेव्हा हिशेब बरोबर आहे. पण फोडलंस तर शेवटपर्यंत वाच.

खोली रिकामी करायला घेतली. निळी सुटकेस कपाटावर होती. चाकं अजून नवी, कारण ती कधी जमिनीवर टेकलीच नाहीत. आत तिचे दोन नवे लोकरीचे स्वेटर, एक तिच्या मापाचा, एक माझ्या. शारजात स्वेटर. एका डब्यात तुझी चौतीस पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. आणि स्टुडिओच्या पाकिटात तिचे सहा फोटो. मी पट्टी लावून बघितली. दीड इंच बाय दीड इंच, चौरस. इथल्या कुठल्याच कागदाला चौरस फोटो लागत नाही.

पत्रं वाचायला मला चार दिवस लागले. तुझं मराठी अक्षर पाचवीत होतं तसंच आहे. एका पत्रात अकरा चुका आहेत. पण ९९ च्या मार्चमधलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तूच लिहिलेलं तुला परत लिहून पाठवतो, कारण तू विसरला असशील:

"आई, बाबांना सांग. ओपनिंगच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन आला. मागच्या फळीत होल करणार होता, ड्रॉइंगमध्ये तिकडेच होतं. मी बोललो, माझ्या बाबांच्या लाकडाला कोणी ड्रिल लावणार नाही. तो हसला. मी वायर बारा फूट वाढवून घेतली. एकच होल होतं, गायीच्या तोंडातलं, तिकडून काढली. मग ब्रोशरमध्ये वायर दिसते म्हणून सुपरवायझर माझ्यावर ओरडला. पण एक स्क्रॅच पण नाही पडला. सांगशील ना?"

तिने सांगितलं असणार. मी टीव्हीचा आवाज वाढवला असणार.

दुसऱ्या एका पत्रात तू तुझ्या तिथल्या गावाबद्दल लिहिलं आहेस. कापडाची गिरणी बंद पडली, तेव्हापासून सगळे तुमच्याकडेच कामाला येतात आणि पगार झाला की तुमच्याकडेच खेळायला येतात. मंगळवारी पेन्शनवाल्यांची बस येते. त्यातली एक सत्तरीची बाई, हातात नाण्यांची प्लास्टिकची बादली. खेळण्याआधी ती देव्हाऱ्याच्या खांबावर हात ठेवते. तिचा नवरा सुतार होता. तिने तुला विचारलं, हे कुणी केलं. तू म्हणालास, "माय फादर." ती म्हणाली, सहा महिने शोधते आहे, पण खांबाचा सांधा सापडत नाही.

माझ्या उभ्या आयुष्यात तो सांधा कुणी शोधला नाही. उजवा खांब, आतली बाजू, जमिनीपासून चौतीस इंच. तिथे लाकडाच्या रेषा जुळवायला मी नऊ फळ्या बाजूला टाकल्या. ती बाई अजून येत असेल तर तिचं बोट धरून तिथे ठेव.

आणि तिला विचार, घरी कुणाला सांगून येते का. तुझे आजोबा होडी हरले, त्या दिवशी त्यांना ते कुणी विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

पहिली. तू माझ्याशी खोटं बोललास, असं मी चार वर्षं म्हणत आलो. ड्रॉइंग मला वाचता येतं. तीनशे चार दरवाजे मी वाचून केले. मागच्या फळीतल्या त्या भोकाशेजारी बारीक इंग्रजी अक्षरं होती. आखूड लिहिलेलं, पण "इलेक्ट्रिक"च. बैठकीचं माप होतं अठ्ठावीस बाय तीस, आणि शेजारी वजन: एकशे दहा किलो. पहिल्या दिवशीच मी ते वाचलं. देवाची मूर्ती कुठली ते ठरलेलं नाही आणि वजन मात्र ठरलेलं आहे, हे कसं? मी मनात म्हटलं, समई विजेची असेल. आणि भोक डावीकडे घेतलं.

रफिकभाईंना त्या अक्षरांबद्दल एकदा विचारलं असतं, तर त्यांनी अमेरिकेत चौकशी करून सांगितलं असतं. ते खोटं बोलणारे नव्हेत. मी विचारलं नाही. दरवाजे आणि बाक करून माणसाचा जन्म जातो, सुदेश. एक देव्हारा माझ्या हातून व्हावा, असं मला फार वाटत होतं. तुझ्या खोट्याला मी आठ महिने बिनचपलेचा पहारा दिला. मग ब्रोशर आलं, तेव्हा सगळा भार तुझ्या अंगावर टाकला.

दुसरी गोष्ट तो एप्रिल २००० चा फॅक्स. मी तुला लिहिलं होतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

त्याच आठवड्यातलं तुझं पत्र डब्यात आहे. "आई, गुड न्यूज. बाबांना फॅक्स पाठवलाय. मला यायला मिळत नाही, पण तुम्ही येऊ शकता. बाबा तुला दाखवतील. तू आधी बोलू नको, त्यांना स्वतःहून दाखवू दे. त्यांना तसं आवडतं." मला तू बरोबर ओळखतोस.

ती बोलली नाही. सुटकेस आणली. स्वेटर घेतले. फोटो काढून आली. आणि मी तो फॅक्स कधी दाखवतो, याची दीड वर्ष वाट बघत राहिली. रोज संध्याकाळी मी घरी आलो की माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायची. मला वाटायचं, भाजी काय आणली ते बघते.

मी तो कागद त्याच दिवशी खाली सही करून परत पाठवला होता. माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात, "नो." ते तू तिला कळवल्याचं चौतिसांतल्या एकाही पत्रात नाही. जुगाराच्या घराला मी पुन्हा हात लावणार नाही, असं रफिकभाईंना ऐकवलंसुद्धा. जमाल म्हणाला होता, "मेस्त्री, एक बार भाभी से तो पूछ लेते." मी त्याला म्हटलं, "यल्ला, काम करो."

पहिल्या पत्रात मी माझ्या हातच्या कामांची यादी दिली होती. हेही माझ्याच हातचं. तुला सगळं नीट माहीत नसेल, कारण तुमच्या ऑफिसने नंतर त्यात भर घातली होती. म्हणून फॅक्सवर होतं तसं उतरवून देतो.

चार देव्हारे, पहिल्यासारखेच, मापं मी ठरवायची, लाकूड मी निवडायचं. मुदत दोन वर्षं. राहायला दोन खोल्यांचं घर, भाडं कंपनीचं. घराच्या पत्त्याशेजारी तुझ्या अक्षरात लिहिलेलं: माझ्याकडून चालत अकरा मिनिटं. आजारपणाचा विमा, नवरा-बायको दोघांचा. पगार महिना चार हजार दोनशे डॉलर. म्हणजे पंधरा हजार चारशे चोवीस दिरहम. तेव्हाच्या भावाने एक लाख त्र्याऐंशी हजार रुपये. आणि व्हिसे दोन.